बायकोच्या नावावर घ्या, स्वस्त पडेल

प्रति,
केबल आणि इंटरनेट कंपन्यांमधले दर ठरवणारे, करार लिहिणारे आणि ‘ग्राहक टिकवणारे’ सर्व विभाग

विषय : जुन्या ग्राहकाला लागणारा दर आणि करारातून बाहेर पडण्याची वाट

महोदय, महोदया,

वर शीर्षकात आहे ते वाक्य माझं नाही. तुमच्यापैकी एका कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रातून बोलणाऱ्या मुलीचं आहे. बिल पुन्हा वाढलं म्हणून मी फोन केला होता. तिने माझं खातं उघडलं, बराच वेळ काहीतरी चाळलं आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, “सर, या नावावर मला एकही ऑफर दिसत नाही. तुम्ही असं करा, हे बंद करा आणि मॅडमच्या नावावर नवीन घ्या. स्वस्त पडेल.” कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नंतर दोन मित्रांना विचारलं, तर दोघांच्या कंपन्या वेगळ्या आणि सल्ला हाच. शिवाय त्या मुलीचा कॉल कुणी रेकॉर्डिंगमध्ये शोधत बसावा अशी माझी इच्छा नाही. त्या अर्ध्या तासात माझ्याशी खरं बोललेली ती एकटीच.

मी हिशेब तपासायचं काम करतो. त्यामुळे राग यायच्या आधी मनात दोन रकाने आखले गेले. कनेक्शन बायकोच्या नावावर गेलं, तर तुमच्या खर्चाच्या बाजूला काय बदलतं? जिन्यातल्या पेटीपासून माझ्या दारापर्यंत आलेली तार तीच. पेटीतला स्प्लिटर, म्हणजे एक तार अनेक घरांत वाटणारा तुकडा, तोच. राउटर तोच, भिंत तीच, वापरणारी माणसंही तीच. उलट नवा अर्ज, नवी ओळखपत्रं, नवी नोंदणी हा खटाटोप तुमच्याच अंगावर पडतो. तरीही दर उतरतो, आणि थोडाथोडका नाही. मी भरत होतो ती रक्कम नव्या ग्राहकाच्या दराच्या जवळजवळ दीडपट होती. वरच्या मजल्यावर नुकतंच राहायला आलेल्या कुटुंबाने तुमच्याकडूनच, माझ्याइतक्याच वेगाचं कनेक्शन घेतलं. पेटीचं झाकण उघडलं की आमच्या दोघांच्या पांढऱ्या तारा एकाच स्प्लिटरमधून निघालेल्या शेजारी शेजारी दिसतात. माझी थोडी पिवळट पडली आहे. फरक सांगायचा तर एवढाच.

म्हणजे ही वरची रक्कम सेवेची नाही, ती माझ्या कंटाळ्याची आहे. हा माणूस आता कुठे फोन करत बसणार, कुठे दुसरी कंपनी शोधणार, असा अंदाज तुम्ही बांधलात आणि त्या अंदाजावर बिल काढलंत. अंदाज बरोबर निघाला, हे कबूल करायला जरा लाज वाटते. लोकांच्या वह्यांत एकेक नोंद तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरचं बिल अनेक वर्षं न वाचता भरलं.

तुमची बाजू मला अजिबात कळत नाही असं नाही. रस्ता खणून तार टाकायला पैसा लागतो. परवानग्या, खांब, यंत्रं, रात्री-अपरात्री दुरुस्तीला धावणारी मुलं हा सगळा खर्च खरा आहे. पहिल्या दिवशी राउटर फुकट दिला, जोडणीचे पैसे घेतले नाहीत, तर तो खर्च वसूल होईपर्यंत ग्राहकाने थांबावं ही अपेक्षा मला रास्त वाटते. वर्षभराची बांधिलकी मी हसतमुखाने लिहून देईन. माझं म्हणणं वेगळं आहे. तो राउटर माझ्या भाड्यातून कधीच फिटला. अकराव्या वर्षी मी जे जास्त भरत होतो ते कोणत्या खात्यावर?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारतोय असंही नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेने जुन्या ग्राहकांवर पडणाऱ्या या दंडाबद्दल तिथल्या स्पर्धा नियामकाकडे रीतसर तक्रार केली. मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचत खाती असे पाच बाजार तिने एकत्र धरले होते. पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. घराच्या आणि गाडीच्या विम्याच्या बाबतीत १ जानेवारी २०२२ पासून नियम आला की नूतनीकरण करणाऱ्या जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायचा नाही. विमा कंपन्या बुडाल्या नाहीत. ब्रॉडबँडला मात्र एवढंच झालं की फेब्रुवारी २०२० पासून करार संपत आला की कंपनीने ग्राहकाला तसं कळवायचं आणि आपल्याकडचे चांगले दर दाखवायचे. म्हणजे जागं करायची जबाबदारी तुमची, उठायची आमची. तेवढंही सगळीकडे नाही. माझा करार कधी संपला, हे मला त्या फोनवरच्या मुलीकडून कळलं.

आता करारातल्या एका शब्दाकडे येतो. तो शब्द म्हणजे ‘पर्यंत’. जाहिरातीत वेगाचा आकडा हाताच्या पंजाएवढा आणि त्याच्या मागे मुंगीएवढं ‘पर्यंत’. भाषेच्या दृष्टीने या शब्दात शून्यसुद्धा बसतं. मला हे माहीत आहे की तुमचं जाळं वाटून वापरायचं असतं. फायबरच्या सध्या रुळलेल्या जीपॉन पद्धतीत एका तारेवर खाली येणारा वेग साधारण अडीच गिगाबिट असतो आणि ती तार ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. दुपारी सगळे कामावर असताना प्रत्येकाला आपापला आकडा मिळतो. रात्री जेवणं आटोपून सगळी घरं एकदम व्हिडिओ बघायला बसली की वाटणी जाणवते. जुन्या केबलच्या तारेवर वर पाठवायचा वेग आणखीच अरुंद, कारण ती मुळात घरात चित्रं आणण्यासाठी टाकलेली; घरातून बाहेर काही पाठवायचं असेल हा विचार नंतर आला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पाण्याची लाइनही अशीच चालते. पण मग ते लिहा ना. संध्याकाळी इतका, दुपारी इतका, वर पाठवायचा इतका, आणि याच्या खाली गेला तर तक्रार आमच्याकडे करा.

युरोपीय संघात २०१५ च्या नियमाप्रमाणे घरी येणाऱ्या इंटरनेटच्या करारात किमान, सहसा मिळणारा, कमाल आणि जाहिरातीतला असे चार वेग लिहावे लागतात. ब्रिटनमध्ये मे २०१८ पर्यंत दहातल्या एका ग्राहकाला जो वेग मिळतो तो जाहिरातीत छापता यायचा. त्यानंतर रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळी निम्म्या ग्राहकांना तरी मिळतो तोच आकडा छापायचा, असं ठरलं. तार तीच राहिली, पण जाहिरातीतले आकडे खाली आले. जर्मनीत डिसेंबर २०२१ पासून वेग सतत कमी मिळत असेल तर त्या प्रमाणात बिल कमी करून घेता येतं. त्यासाठी ग्राहकाने तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० वेळा वेग मोजायचा, तोही वाय-फायवर नव्हे, तर लॅपटॉपला थेट केबल लावून. काटेकोरपणात जर्मनांचा हात कुणी धरावा! पण मला हे आवडलं, कारण यात दोन्ही बाजूंना पळवाट नाही. तुम्ही ‘तुमच्या वाय-फायचा दोष’ म्हणू शकत नाही आणि मी एका वाईट रात्रीवरून कांगावा करू शकत नाही.

(जाता जाता एक. वेग मेगाबिटमध्ये विकता आणि आमच्या फाइली मेगाबाइटमध्ये असतात; एका बाइटात आठ बिट. १०० चा प्लॅन घेतलेला माणूस सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरताना बघून तुम्हाला शिव्या घालतो. यात तुमची चूक नाही. पण आठने भागा, एवढं एक वाक्य अर्जावर छापलंत तर निम्मे फोन वाचतील.)

बिलाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो तुमचा सगळ्यात जुना खेळ आहे. जाहिरातीत एक आकडा, बिलात दुसरा, मधे उपकरणाचं भाडं, देखभाल, सक्रियता शुल्क आणि ‘इतर’. ‘इतर’ या शीर्षाखाली रक्कम दाखवणाऱ्या हिशेबनिसाला मी कागदपत्रं घेऊन परत पाठवतो. अमेरिकेत तर ग्राहक स्वतःचा मोडेम वापरत असताना कंपनीने त्याच्याकडून मोडेमचं भाडं घेऊ नये, यासाठी संसदेला कायदा करावा लागला. तो डिसेंबर २०२० मध्ये लागू झाला. जे उपकरण दिलंच नाही त्याचं भाडं! तिथेच एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत खाद्यपदार्थांच्या पाकिटावर असते तशी चौकट छापावी लागते. मासिक दर, तो किती महिने टिकणार, इतर शुल्कं, लवकर सोडल्यास दंड, वेग, डेटाची मर्यादा, सगळं एका जागी. ती चौकट मी नीट बघितली. अर्ध्या मिनिटात वाचून होते. तुमचा करार मी परवा पहिल्यांदा पूर्ण वाचला, त्याला पाऊण तास लागला, आणि हे माझं रोजचं काम असताना.

त्या पाऊण तासात एक कलम सापडलं : ‘कंपनी वेळोवेळी दरांत बदल करू शकेल.’ बारा महिने मी बांधलेला, पण तुम्ही मोकळे. एका बाजूला गाठ आणि दुसऱ्या बाजूला सरकफासा असलेल्या या दोरीला करार म्हणवत नाही. दरवाढ करारात आधीच लिहून ठेवली की सगळं न्याय्य होतं, असंही नाही. ब्रिटनमधल्या अनेक कंपन्यांनी करारात लिहून ठेवलं होतं की दरवर्षी महागाईचा दर अधिक ३.९ टक्के एवढी वाढ होईल. सही करताना ते निरुपद्रवी दिसायचं. मग डिसेंबर २०२२ मध्ये महागाई १०.५ टक्क्यांवर गेली आणि पुढच्या वसंतात लोकांच्या बिलात १४.४ टक्क्यांची वाढ आली, तीही करार चालू असताना. शेवटी तिथल्या ऑफकॉम या नियामकाने १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत महागाईशी बांधलेली वाढ बंद केली. वाढवायचं असेल तर किती पौंड, किती पेन्स आणि कधीपासून, ते सहीआधी लिहा. यालाही कंपन्यांनी वाट काढलीच. टक्क्यांऐवजी सगळ्यांना सारखी ठरावीक रक्कम वाढवली, आणि सगळ्यात स्वस्त प्लॅनवाल्याला ती प्रमाणात सगळ्यात जड गेली. तरी निदान सही करणाऱ्याला बेरीज करता येते. माझं एवढंच मागणं आहे : मला बांधायचं असेल तर दरही बांधा. दर सोडायचा असेल तर मलाही सोडा. युरोपात कंपनीने मधेच अटी बदलल्या तर ग्राहकाला दंड न भरता बाहेर पडता येतं. तो नियम वाचताना वाटलं, हे नियमाने सांगावं का लागलं?

आता फोनच्या दुसऱ्या अर्ध्याकडे. ‘बंद करायचंय’ म्हटल्यावर त्या मुलीने मला तुमच्या ‘टिकवणाऱ्या’ विभागाकडे दिलं. तिथला मुलगा गोड बोलणारा होता. कारण विचारलं. घर बदलताय का, सेवेत काही कमी पडलं का, कोणती कंपनी घेताय, ते किती देतात. मग पहिली सवलत आली. मी नको म्हटलं. त्याने वरिष्ठांना विचारतो म्हणून मला दोन मिनिटं गाणं ऐकवलं आणि दुसरी आणली. नको. तिसऱ्या ‘नको’ला जो दर निघाला तो वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या दरापेक्षा जेमतेम थोडा जास्त होता. सहा महिन्यांसाठी. पुढे मूळ पदावर.

हा दर त्या दिवशी जन्माला आला नव्हता. तो तुमच्या संगणकात बसलेलाच होता आणि तिसऱ्या नकाराची वाट बघत होता. म्हणजे चिकट माणसाला एक भाव, भिडस्त माणसाला दुसरा. माझ्या आईला फोनवर कुणाला दोनदा नाही म्हणता येत नाही. तिच्या वयाचे, तिच्या स्वभावाचे किती लोक पहिल्याच आकड्यावर ‘बरं बाबा’ म्हणत असतील, हे तुमच्या विभागाला आमच्यापेक्षा नेमकं माहीत असणार. बाजारात घासाघीस करण्याला माझी हरकत नाही. पण तिथे दुकानदार समोर असतो, शेजारचं गिऱ्हाईक काय देतंय ते दिसतं, आणि न पटल्यास चार पावलांवर दुसरं दुकान असतं. इथे मी कानाला फोन लावून गाणं ऐकतोय.

आणि हे सगळं फोनवरच का? कनेक्शन घेताना मला कुणाशी बोलावं लागलं नाही. वेबसाइटवर चार रकाने भरले, दुसऱ्या दिवशी माणूस दारात. सोडायचं तर बटण नाही. ‘कृपया ग्राहक सेवेशी संपर्क साधा.’ जर्मनीत १ जुलै २०२२ पासून, ज्या कंपन्या वेबसाइटवर महिन्याच्या बिलाचे करार करून घेतात त्यांना त्याच वेबसाइटवर ते रद्द करायचं बटण ठेवावं लागतं. बटणावर ‘करार इथे रद्द करा’ किंवा तितकंच स्पष्ट काहीतरी लिहिलेलं हवं, इथपर्यंत कायद्यात लिहिलंय. तुमच्या कल्पकतेचा त्यांना चांगलाच अनुभव असावा. अमेरिकेतल्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये असाच नियम केला होता, जितक्या सहज घेता येतं तितक्याच सहज सोडता आलं पाहिजे. तो लागू व्हायला काही दिवस असताना जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केला. कारण काय, तर नियम करताना आयोगाने आर्थिक परिणामांच्या अहवालाची एक पायरी गाळली. ग्राहकाकडून एक कागद राहिला की त्याचं काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. सरकारचंही तेच होतं, हे बघून विचित्र समाधान वाटलं.

माझ्या बहिणीचं सांगतो, म्हणजे फोन संपला की सुटका होत नाही हे कळेल. मागच्या वर्षी तिने दुसऱ्याच एका कंपनीचं कनेक्शन सोडलं. राउटर न्यायला मुलगा आला. तिने राउटर, अॅडाप्टर, पिवळी केबल असं सगळं पिशवीत घालून दिलं. पावती मागितली तर म्हणाला, “ताई, सिस्टीममध्ये अपडेट होईल.” दोन महिन्यांनी उपकरण परत न केल्याबद्दल बिल आलं, मग आठवण, मग वसुलीचा फोन. ती नशीबवान, कारण तिने देण्याआधी राउटरच्या खालच्या बाजूचा फोटो काढून ठेवला होता. त्यात अनुक्रमांक होता आणि कडेला त्या मुलाचा पाय. त्या फोटोवर प्रकरण मिटलं. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो : राउटर देताना खालचा फोटो काढा, आणि जमल्यास पाय येऊ द्या.

टीव्हीच्या वाहिन्यांच्या गठ्ठ्यांबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नव्या दररचनेमुळे २०१९ पासून वाहिन्या एकेक निवडून घेता येतात, प्रत्येकीची किंमत जाहीर असते. कागदावर सुरेख. मग तुम्ही मंडळींनी गठ्ठ्याचा भाव असा लावलात की सुट्या चार घेणारा मूर्ख ठरावा. त्यामुळे आमच्याकडे आजही अशा वाहिन्या येतात ज्यांची भाषा घरात कुणाला येत नाही.

तर मागणं हे. बिलावर एक ओळ वाढवा : ‘तुमचा करार अमुक तारखेला संपतो आहे, आणि नव्या ग्राहकाला हाच प्लॅन आज अमुक दराने मिळतो.’ बाकी नियम येतील तेव्हा येतील. ही एक ओळ छापायला तुम्हाला कुणाच्या आदेशाची गरज नाही. आकडे दोन्ही तुमच्याकडेच आहेत. ती ओळ छापायची भीती का वाटते, हे एकदा तुमच्या बैठकीत एकमेकांना विचारून बघा.

दरम्यान, त्या मुलीचा सल्ला मी मानला. गेल्या मंगळवारी तुमचा माणूस नवीन कनेक्शन जोडायला आला. त्याने जिन्यातली पेटी उघडलीसुद्धा नाही. माझ्याच राउटरमध्ये नवा युजर आयडी टाकला, बायकोच्या मोबाइलवरचा ओटीपी घेतला, वेग मोजून दाखवला आणि दहा मिनिटांत गेला. तार जागची हलली नाही. संध्याकाळी आम्ही दोघं सोफ्यावर बसलेले असताना एकामागोमाग एक दोन मेसेज आले. तिला आला, ‘आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे.’ मला आला, ‘आपण आम्हाला सोडून गेलात याचं वाईट वाटतं. परत याल अशी आशा आहे.’

येईन. तिचा करार बारा महिन्यांचा आहे, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. त्या दिवशी ती फोन करेल, आणि नवीन ग्राहक मी असेन.

आपला,
एक माजी आणि भावी ग्राहक